प्रत्येकी पाव आटा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी लॅम्बर्ट कुचेराने चर्चच्या जेवणाच्या हॉलचं दुहेरी दार उघडलं, दोन फळ्यांमधला लोखंडी खांब स्क्रू काढून बाजूला ठेवला, आणि मेव्हणा डेल्मरच्या मदतीने शर्यतीची गाडी ढकलत आत नेली. मग खिशातून वही काढली.

वही, ७.१०: गाडी आत. दोन्ही बाजूंना एकेक इंच उरला. काम दोन तासांचं. दहाला बाहेर.

लॅम्बर्ट आपले अंदाज शाईने लिहीत असे. पेन्सिल ही त्याच्या मते, ज्यांना स्वतःबद्दल खात्री नसते त्यांची सोय होती.

हंगामातली शेवटची शर्यत आज दुपारी चारला होती. ऑक्टोबर संपत आलेला, आयोवात संध्याकाळनंतर हात गोठतात, म्हणून ती दुपारी. गाडी लॅम्बर्टची, चालवणार त्याची मुलगी टेसा. आणि गेले नऊ शनिवार एकच प्रकार चालला होता. चौथ्या वळणातून बाहेर पडताना टेसा गॅस दाबी, मागची चाकं जागच्या जागी गरगरत, माती प्रेक्षकांच्या मक्याच्या लाह्यांत पडे, आणि तेवढ्यात तीन गाड्या पुढे निघून जात.

गेल्या रविवारी जेवताना टेसाने सांगितलं की हिल्बर्ट श्टांगलने तिला पुढच्या वर्षी आपली गाडी चालवायला बोलावलं आहे. हिल्बर्टची गाडी नवी होती, आणि तिची चाकं फिरत नव्हती.

"या शनिवारी पण चाकं फिरली ना, तर मी त्याला हो म्हणणार आहे, बाबा," बटाट्यांचं भांडं त्याच्याकडे सरकवत ती म्हणाली. "रागाने नाही बोलत. आधी सांगून ठेवते."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. लॅम्बर्ट रागावलेल्या माणसांशी छान भांडू शकत असे. शांतपणे बटाटे वाढणाऱ्या मुलीशी कसं भांडायचं, ते त्याला येत नव्हतं.

*

आता गाडीबद्दल थोडं. मातीचा गोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे. वळणातून सुटताना गाडीला ढकलायचं काम मुख्यतः डावं मागचं चाक करतं, म्हणून त्या चाकावर उजव्या मागच्यापेक्षा शंभरेक पौंड भार जास्त हवा. मग गॅस दाबला की ते चाक मातीत रुततं आणि गाडी सुटते. भार कमी पडला की ते नुसतं फिरतं. हा भार कमी-जास्त करायला प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर एक जाड बोल्ट असतो. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, काट्यांना तारेने जोडलेल्या डब्यावरचे आकडे बघायचे, पाना लावायचा, बोल्ट एखादा आटा, म्हणजे एक फेरा, आवळायचा, पुन्हा आकडे बघायचे. या परगण्यात हे सगळ्यांना येतं. निदान सगळे तसं म्हणतात.

लॅम्बर्ट दर शुक्रवारी आपल्या गॅरेजात मोजत असे. दर शुक्रवारी डावीकडे शंभर पौंड जास्त. दर शनिवारी चाकं गरगर. दोष आधी मातीत होता, मग पावसात, मग टायरच्या रबरात, मग ट्रॅकवर पाणी मारणाऱ्या माणसाच्या स्वभावात. काट्यांखाली जमीन असते, ही गोष्ट सोमवारी टेसाच्या हातून संत्रं पडेपर्यंत कुणी काढली नव्हती.

संत्रं गॅरेजच्या मधोमध पडलं, क्षणभर थांबलं, आणि कुणी हाक मारल्यासारखं डाव्या कोपऱ्याकडे चालू लागलं. दोघांनी ते भिंतीला टेकेपर्यंत पाहिलं.

"बाबा," टेसा म्हणाली.

"संत्रं कुठे पुरतं गोल असतं," लॅम्बर्ट म्हणाला.

ती कामाला गेल्यावर त्याने पाणसळ काढून कोब्यावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला पळाला. पाणसळ जुनी झाली होती हे उघड होतं. लॅम्बर्ट वीस मैलांवर जाऊन नवी घेऊन आला. नव्या पाणसळीतला बुडबुडा जास्त घाईत होता.

हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, आणि त्याला कारण होतं. तो कोबा त्याने स्वतः घातला होता. सोळा वर्षांपूर्वी गॅरेज बांधलं तेव्हा एमिल व्होत्रूबा आपणहून विचारायला आला होता. परगण्यातले सगळे धड कोबे एमिलने घातलेले, हा चर्चचा हॉल धरून. लॅम्बर्टने त्याला परत पाठवलं. ओलं काँक्रीट पाण्यासारखं असतं, पाणी आपलं आपण पातळी धरतं, त्यात कसली आलीय कारागिरी, असं त्याचं म्हणणं. कोबा वाळल्यावर एमिल बघायला आला. दारातच उभा राहिला, डोकं जरासं एका अंगाला कललं, "छान झालाय," म्हणाला आणि गेला. त्यानंतर सोळा वर्षं, चर्चच्या पायरीवर, खतांच्या दुकानात, शर्यतीच्या तिकिटाच्या रांगेत, एमिल भेटला की एवढंच विचारी, "काय लॅम्बर्ट, कोबा काय म्हणतो?"

"मस्त," लॅम्बर्ट म्हणे.

मंगळवारी एमिल वारला. बुधवारी लॅम्बर्टने फादर मार्टिनेक यांच्याकडे हॉल मागितला.

"गाडी हॉलमध्ये कशाला?" फादरांनी विचारलं.

"तुमच्याकडे उजेड चांगला आहे."

फादर म्हणाले की हॉलला दोनच खिडक्या आहेत.

"हो, पण योग्य जागी आहेत," लॅम्बर्ट म्हणाला.

फादरांचं शर्यतीचं वर्षभराचं तिकीट होतं. त्यांनी किल्ली दिली, पण बजावलं की शनिवारी साडेदहाला एमिलची प्रार्थना, मग दफन, आणि बाराला गावाचं जेवण याच हॉलमध्ये. दहाला हॉल रिकामा हवा. लॅम्बर्टने त्यांच्यादेखत वहीत लिहून घेतलं. शाईने.

*

गाडी हॉलमध्ये शिरावी म्हणून तिला जुनी अरुंद चाकं लावून आणली होती. आत आल्यावर ती जॅकवर उचलून शर्यतीचे रुंद टायर चढवले, कारण मोजायचं तर त्याच टायरांवर मोजायला हवं. अरुंद चाकं डेल्मरने भिंतीशी उंचीप्रमाणे लावून ठेवली. चारही एकाच उंचीची होती, तरी त्याने ती लावली. लॅम्बर्टच्या बायकोचा हा भाऊ असा होता. समोर पसारा दिसला की त्याला श्वास लागे. टेसाच्या जागी सीटवर तिच्या वजनाच्या मिठाच्या गोण्या ठेवल्या, काटे चाकांखाली सरकवले, डब्याचा प्लग भिंतीत लावला.

वही, ८.०५: डावं मागचं ६४०. उजवं मागचं ६६०.

लॅम्बर्टने लिहिलं आणि मग वाचलं. शंभर पौंड जास्त असायला हवे होते तिथे वीस कमी होते. नऊ शनिवार त्याने पोटच्या मुलीला उलट्या गाडीत बसवून पाठवलं होतं, आणि ती प्रत्येक वेळी परत येऊन सांगत होती की मागून काहीतरी बरोबर नाही.

"काटा बिघडला की काय?" डेल्मर म्हणाला.

"काटा ठीक आहे."

"मग घरी कसे शंभर येत होते?"

"म्हणून तर इथे आणली," लॅम्बर्ट म्हणाला. "उजेडात नीट दिसतं."

त्याने पाना लावला. आवळ, बघ, आवळ, बघ. या कामात मात्र तो खरोखर चांगला होता. नवाच्या आत डावीकडे सातशे, उजवीकडे सहाशे आले, आणि आकडा हलेना. लॅम्बर्टने चारी बाजूंनी फिरून गाडी पाहिली. आज ती सुटणार होती. टेसा राहणार होती. त्याने डेल्मरला सांगितलं की जा, पिकअप घेऊन पुढे हो, पेट्रोल भर, बर्फ घे आणि परत ये. तोवर मी आवरतो.

लॅम्बर्टच्या तोंडचा "आवरतो" हा शब्द डेल्मरला ऐकवेना. त्याने स्वतःच आवरलं. जॅक, हत्यारांची पेटी, चार अरुंद चाकं, सगळं पिकअपमध्ये चढवलं, ताडपत्रीने झाकलं, दोरीने बांधलं आणि निघून गेला.

वही, ९.२०: दार ७२ इंच. गाडी ७८ इंच.

वही, ९.२५: दार ७२ इंच.

वही, ९.३०: दार चुकीचं बसवलं आहे.

लॅम्बर्टने डेल्मरला फोन लावला. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, अर्ध्या डोनटशेजारी वाजला.

*

साडेनवाला स्वयंपाकाच्या बायका आल्या. पुढे ब्लांच नोव्होत्नी. गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताचं जेवण तिने उठवलं होतं, आणि जिवंत माणसांकडून तिच्या फारशा अपेक्षा उरल्या नव्हत्या. ती दारात थांबली. हातात हॅमचं मोठं झाकणाचं भांडं होतं.

"लॅम्बर्ट, हे काय आहे?"

"दहाला बाहेर जाईल."

"कशी?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते डेल्मरसोबत पिकअपमध्ये होतं. ब्लांचने गाडीभोवती एक फेरी मारली. तीन टेबलं मांडायची जागा गेली होती आणि माणसं एकशे चाळीस येणार होती. लॅम्बर्टने समजावून सांगितलं की गाडी रुंद नाही, दार अरुंद आहे. ब्लांचने मधेच गाडीच्या टपावर हात फिरवून पाहिला. टप सपाट होता. मागची पाठही सपाट होती, चांगली पाच फूट.

"भार किती घेईल?" तिने विचारलं.

दहा मिनिटांत कागदी टेबलक्लॉथच्या पांढऱ्या गुंडाळीने गाडी जमिनीपर्यंत झाकली गेली. टपावर कोलाचे, म्हणजे सारणाचे गोड बन, प्रून भरलेले एका बाजूला आणि खसखशीचे दुसऱ्या. बोनेटवर लाल आणि हिरव्या जेलीचे वाडगे. पाठीवर दोन हॅम आणि बटाट्याचं सॅलड. दुरून बघणाऱ्याला जरा मोठं, जरा चमत्कारिक आकाराचं टेबल वाटलं असतं, ज्यातून एका बाजूने धुराड्याचं तोंड बाहेर आलं होतं. ब्लांचने त्यावर कागदी फुलांची परडी अडकवली.

डबा अजून चालू होता. प्रत्येक भांड्यासरशी आकडे बदलत होते आणि लॅम्बर्ट त्यावरून नजर काढू शकत नव्हता. बटाट्याचं सॅलड अकरा पौंड निघालं. पहिला हॅम डाव्या मागच्या चाकावर चौदा पौंड टाकून गेला.

"ब्लांच, दुसराही हॅम डावीकडे ठेवतेस का?"

"का?"

"तिकडे बरा दिसतो."

तिने ठेवला. डाव्या मागच्या चाकावर ७३१. लॅम्बर्टने वही उघडली, आणि आकडे नाहीसे झाले. ब्लांचने डब्याचा प्लग उपसून त्या जागी कॉफीच्या टाकीचा लावला होता.

"कॉफीला एक तास लागतो," ती म्हणाली. "तू तोंड धू आणि चर्चमध्ये जा. कोट घाल."

कोट विसरलेल्या कपड्यांच्या कपाटात मिळाला. तो कुणातरी उंच माणसाचा होता.

*

प्रार्थनेला लॅम्बर्ट शेवटच्या बाकावर बसला. पुढे टेसा दिसत होती, गुरांच्या दवाखान्यातल्या कामावरून थेट आलेली, काळ्या पोशाखात. तिने एकदा मागे वळून त्याच्या बाह्यांकडे पाहिलं. एमिल म्हातारा होऊन, अंथरुणात, शांतपणे गेला होता, त्यामुळे रडणं बेताचं होतं. दफनभूमीत वारा होता, लोकांना भूक लागली होती, आणि फादरांनी लवकर आटोपतं घेतलं. पावणेबाराला सगळं गाव हॉलमध्ये होतं. डेल्मर नव्हता.

लोकांनी ताटं भरली. टपावरचे कोलाचे घेताना दोन-तीन जणांनी वाकून खाली पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि आणखी एक कोलाच उचलला. मयताच्या जेवणात टेबलाखाली काय आहे हे विचारत नाहीत.

टेसा बटाट्याचं सॅलड वाढून घेता घेता त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाबा, या टेबलाला टायर आहेत."

"थोडा उशीर झाला."

"इथे का आणलीस पण?"

"उजेडासाठी," असं म्हणायला लॅम्बर्टने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी पलीकडच्या बाजूने ऑल्गा व्होत्रूबाने, एमिलच्या बायकोने, हॅमजवळ पडलेला चमचा उचलायला खाली वाकून कागद वर केला.

हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत माना वळत गेल्या. ऑल्गा सरळ झाली. तिने टायर पाहिला, काटा पाहिला, काट्याखालचा कोबा पाहिला.

"तू गाडी एमिलच्या कोब्यावर आणलीस," ती म्हणाली. "आजच्या दिवशी."

लॅम्बर्टला वाटलं, आता ही आपल्याला बाहेर काढणार, आणि गाडी बाहेर निघत नाही. पण तिचे डोळे भरून आले होते. तिने त्याच्या लांब बाहीला धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की दुसऱ्या कुणाला हे सुचलं नाही; फुलं सगळे आणतात. फादर मार्टिनेक यांनी खिडक्यांकडे पाहिलं, मग लॅम्बर्टकडे, आणि देवाच्या घरात जेवढं गप्प राहता येतं तेवढे गप्प राहिले. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. ऑल्गाने त्याला समोर ओढत नेलं. चार शब्द बोल म्हणाली.

चार शब्द बोलणं लॅम्बर्टला कधीच जमलं नव्हतं. त्याने सुरुवात चांगली केली. एमिलला मी सोळा वर्षं ओळखतो, तो कारागीर होता, असा कोबा तुम्हाला शिकागोपर्यंत मिळणार नाही. लोक मान हलवत होते. इथे थांबला असता तर पुतळा उभारला असता त्यांनी. पण समोर टेसा ताट हातात धरून उभी होती, न खाता, आणि लॅम्बर्टला नऊ शनिवार दिसायला लागले. तिथून पुढे त्याच्या तोंडातून जे निघालं ते त्याने ठरवलेलं नव्हतं. उजेडाचं खोटं होतं म्हणाला. घरी एमिल नको म्हणून मीच कोबा घातला, पाणी आपली पातळी धरतं म्हणून. तो कललेला आहे, पाऊण इंच, डाव्या कोपऱ्यात. सोळा वर्षं त्याच्यावर मोजतोय आणि मुलीला सांगतोय की चूक मातीची. नऊ शनिवार ती मला बरोबर सांगत होती आणि मी तिला ट्रॅकवर पाणी मारणाऱ्याबद्दल सांगत होतो.

हॉलमध्ये कुणाला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. याचंच लॅम्बर्टला नवल वाटलं.

"आम्हाला माहीत होतं," ऑल्गा हळूच म्हणाली. "एमिलने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं. डाव्या कोपऱ्यात पाऊण इंच."

"नुसतं दारातून बघून?"

"नुसतं दारातून बघून."

आता सगळा हॉल मान हलवत होता. खताच्या दुकानाचा मालकही. फादरही.

"मग मला का नाही बोलला तो?"

"दर वेळी विचारत तर होता," ऑल्गा म्हणाली.

*

पण बोलणं याच्यापुढेही चाललं, कारण लॅम्बर्ट एकदा कबुली द्यायला लागला की तीही तो आत्मविश्वासानेच देत असे. कोब्यानंतर त्याने अंगणातल्या कुंपणाचा विषय काढला, मग छपराचा. एकूण वीस-पंचवीस मिनिटं झाली. तोवर कागदी ताटं घेतलेली माणसं हॉलच्या मागच्या बाजूला सरकली होती, जिथे गाडीची पाठ होती, कागद वर केलेला होता, आणि पाना कोब्यावर पडलेला होता. लॅम्बर्टने परत जाऊन पाहिलं तेव्हा पाना गरम होता. हाताने धरून धरून गरम. मग एकेक जण बोलू लागला.

"आम्ही काही केलं नाही. पाव आटा फक्त."

"मीपण पावच. डावा मागचा. तू सैल ठेवला होतास."

"मी सैल केला जरा. याने फार आवळला होता."

"मी तो नाही, उजवा घेतला. पाव."

"मागच्या आडव्या दांड्याची खीळ एक भोक वर घेतली. मातीत वर बरी असते."

"मी ती खाली घेतली होती. म्हणजे आता परत जागेवरच असेल. की दोन वर?"

"आमच्या नेब्रास्कात उजवीकडून करतात," एमिलचा भाऊ म्हणाला. "तेवढं करून ठेवलंय."

"किती?"

"पाव असेल. दोन वेळा."

"फादर, तुम्ही?"

"मी आशीर्वाद दिला," फादर मार्टिनेक म्हणाले. मग त्यांनी पुस्ती जोडली, "आणि पाव आटा."

लॅम्बर्टने मोजलं. पान्याला हात लावलेली माणसं सव्वीस भरली. कुणी आवळलं होतं, कुणी सैल केलं होतं, कुणाला आठवत नव्हतं, आणि दोघे आपापसात भांडत होते. सकाळचे सातशे आणि सहाशे आता कुठे होते हे एकट्या काट्यांना माहीत होतं, आणि काट्यांच्या प्लगवर कॉफी उकळत होती. त्याने ब्लांचकडे पाहिलं. ब्लांचच्या समोर कॉफीसाठी साठ माणसं रांगेत होती.

सव्वा वाजता डेल्मर आला. तिकडे ट्रॅकवर त्याने गाडीसाठी जागा धरली होती आणि आसपासच्या चार जणांच्या जागाही झाडून दिल्या होत्या. दीड वाजता निघालं नाही तर नोंदणी बंद होणार होती. मोजायला वेळ नव्हता. टपावरचे कोलाचे उतरवले, हॅम उतरवले, सव्वीसच्या सव्वीस माणसांनी गाडी उचलून धरली तेवढ्यात डेल्मरने दारापुरती अरुंद चाकं बसवली, आणि सगळ्यांनी मिळून ती एकेक इंच सांभाळत दारातून बाहेर काढली. मयताला खांदा दिलेली सहा माणसंही त्यांत होती. उचलण्याची सवय ताजी होती.

वही, १.३०:

त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

*

टेसाला अकराव्या जागेवरून सुटायचं होतं. लॅम्बर्ट कुंपणापाशी उभा होता, उंच माणसाच्या कोटात, हात बाह्यांच्या आत. तिला सांगायला त्याच्याकडे आज काही नव्हतं. गाडी डावीकडे ओढेल की उजवीकडे, सुटेल की गिरकी घेईल, काहीच माहीत नव्हतं. "सांभाळून," एवढंच तो म्हणाला होता, आणि ती हेल्मेट घालता घालता थांबून त्याच्याकडे बघत राहिली होती, कारण एरवी या वेळी वहीची तीन पानं वाचून होत.

पहिल्या फेरीत चौथ्या वळणातून बाहेर पडताना तिने गॅस दाबला आणि चाकं फिरली नाहीत. गाडीची पुढची डावी बाजू वर उचलली गेली, डावं मागचं चाक मातीत रुतलं, आणि गाडी कुणी मागून लाथ घातल्यासारखी सुटली. लॅम्बर्टच्या बाजूला उभा असलेला एमिलचा भाऊ म्हणाला, "नेब्रास्का." पलीकडून फादर म्हणाले की ते काही इतकं स्पष्ट नाही. प्रत्येक फेरीला टेसा एकाला गाठत होती, नेहमी त्याच ठिकाणी, आणि प्रत्येक वेळी स्टँडवर वेगवेगळा माणूस उठून आपल्या शेजाऱ्याला पाव आट्याची खूण करून दाखवत होता. शेवटच्या फेरीत ती हिल्बर्ट श्टांगलच्या नव्या गाडीच्या बाहेरून गेली आणि दुसरी आली. पहिला कोण आला ते बऱ्याच लोकांना सोमवारच्या वर्तमानपत्रातून कळलं.

गाडी ट्रेलरवर चढवत असताना हिल्बर्ट आला. तो टेसाजवळ थांबला नाही. थेट लॅम्बर्टपाशी गेला, त्याला बाजूला घेतलं, आणि दोघं पाचेक मिनिटं बोलत होते. म्हणजे हिल्बर्ट बोलत होता आणि लॅम्बर्ट गंभीरपणे ऐकत होता. टेसा दोर आवळायच्या निमित्ताने तिथेच घोटाळली, पण तिला काही ऐकू आलं नाही.

*

परतताना टेसा पिकअप चालवत होती. डेल्मर खिडकीला डोकं टेकून झोपला होता. ऊन अजून होतं, कापलेल्या मक्याच्या खुंटांवर तिरकं पडलेलं.

"काय म्हणत होता हिल्बर्ट?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी ये म्हणतोय. त्याच्या गाडीची मागची बाजू बसवून द्यायला."

"तुला?"

"मला. असा हात त्याने वीस वर्षांत पाहिला नाही म्हणाला."

टेसाने गॅस दाबला. मग पुढच्या ट्रॅक्टरला ओलांडून गेली.

"तू काय सांगितलंस?"

"उद्या कळवतो म्हटलं."

"बाबा, मी त्याला केव्हाच नाही म्हणून टाकलंय."

"कधी?"

"हॉलमध्ये. तू छपराबद्दल बोलत होतास तेव्हा. फोनवर लिहून पाठवलं." ती रस्त्याकडेच बघत होती. "शर्यतीच्या आधी. चाकं फिरली असती तरी नाहीच म्हणणार होते. आणि आता तूच तिकडे निघालास. जाऊ नकोस."

लॅम्बर्टने खिडकीबाहेर पाहिलं. हिल्बर्टकडे गेलो तर तो पहिला प्रश्न काय विचारेल हे त्याला दिसत होतं: डावा मागचा बोल्ट किती आटे? जन्मभरात पहिल्यांदा त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि असलेल्या सव्वीस उत्तरांपैकी दोनही जुळत नव्हती. जायची सोयच नव्हती. पण हे आजच्या आज सांगायला हवं असं काही नव्हतं.

त्याने कोटाच्या बाह्या वर केल्या, पाय लांब केले आणि सीटवर रेलून बसला.

"विचार करतो," तो म्हणाला.